माहेरी गेलेली मालकीण

तुमीच सांगा वहिनी, माणसानं भरोसा कोणावर ठेवावा — बोलणाऱ्यावर का दाखवणाऱ्यावर? मी म्हणतो, कोणावरच नाही. बसा नं, बसा. तुमचे भालचंद्रराव धाब्याच्या छतावर चढले, ते काही लवकर उतरत नाहीत — तहसीलीतला माणूस, माती कुठं कुठं भेगाळली ते पाहूनच येईल. पाहू द्या. चौतीस वर्षं या मलकापुरात कापसाची दलाली केली, मले असंच गिऱ्हाईक आवडते. मागं उंद्रीचा शालिग्राम गाडी घेऊन आला — वर असा पांढराशुभ्र कापूस, का नजर ठरू नये! म्हटलं, थांब बे, अन् हात घातला कोपरापर्यंत. खाली सारा ओला, पाणी मारलेला. लाजला म्हणता? हसला! म्हणे, किसनराव, बाकीच्यांचा हात मनगटालेच थांबते, तुमचाच मेला लांब हाये.

तर पाहा घर. महाराष्ट्र झाल्यापासून बदल्या लय वाढल्या — तुमी नागपूरच्या, इथं अशी जागा विकत लवकर भेटायची नाही. बाहेरून चुना परवाच दिला. चुलीवर दूध हाये, दोरीवर लुगडं वाळून राह्यलं, दारात रांगोळी — कसं नांदतं दिसते, नाही? रिकाम्या घरात माणूस उभा नाही राहत. मालकीण? ती उंद्रीले गेली. माहेरी. भावाची तब्येत जराशी — हाव, सांगितलं होतं तिले, पाहुणे येणार म्हणून. पण भाऊच तो.

काऊन उभ्या राह्यल्या? चहा तर — हां. कुंकू. सवाशीण कुंकवाबिगर घराबाहेर कशी पडेल? पाहा, सारं केलं मी, अन् हेच ध्यानात आलं नाही! बेबीताईले हाक मारू? शेजारीच राहते, रांगोळी तिचीच — नको, ती नाही येणार. उंबऱ्याबाहेर बसूनच काढली तिनं, आत पाय नाही ठेवला. काऊन म्हणजे... कामाच्या घाईतली बाई हो. असं करा, देव्हाऱ्यात करंडा हाये, मी देतो, तुमच्याच हातानं लावून घ्या. हा घ्या.

रिकामा हाये?

असेल. रिकामाच असेल, वहिनी. सारं तिच्या मळवटात गेलं. बायांनी कपाळ भरलं, शेवटची चिमूट तर बेबीताईनं नखानं खरवडून काढली — सवाशीण गेली, भाग्याची गेली म्हणे. बसा. नका बसू, बरं.

अठरा दिवस झाले. ताप होता अंगात. म्हणे, आज बजारात जाऊ नका. मी म्हटलं, अन्नपूर्णे, दोनशे गाड्या उभ्या हायेत, येतोच. येतोच म्हटलं अन् दिवस मावळता आलो — तर चुलीपाशी पडलेली, लोटा हातात. लोट्यातलं पाणी सांडून, वाळूनही गेलं होतं. म्हणजे केव्हाची पडली असेल? मी रोज इचार करतो, केव्हाची? त्या दिवशी पंचक होतं. गुरुजी म्हणे, सहा महिने घर सोडा, कुलूप लावा, पंचकातलं मरण एकाले घेऊन थांबत नाही. मी दुकानाच्या ओट्यावर झोपतो तेव्हापासून. आज कुलूप काढलं, ते तुमच्यासाठी. सारी गल्ली जाणते — नव्या तुमीच. दूध मीच ठेवलं, कसंबसं. लुगडं तिचंच, मीच भिजवून टाकलं दोरीवर. बेबीताईच्या पाया पडलो रांगोळीसाठी.

मले पंचकाची भीती नाही हो. मले त्या चुलीपाशी पाय ठेववत नाही. लेक लोणारले दिली, तिच्या दारी जाऊन पडलो असतो — हे घर गळ्यातून निघालं असतं म्हणजे. अन् तुमची लेकरं दोन म्हणता? लहान?

उतरले वाटते ते. नका बोलू माझ्याशी, निघा तुमी. पण रस्त्यात त्यांना सारं सांगा — माहेरचं मी बोललो तेही सांगा. मग दोघं मिळून मोजाल, खोल्या चार, विहीर एक, निंबाचं झाड एक. त्यात ती चुलीपाशी पडलेली बाईही धरा. घ्यायचं तर तिले धरून घ्या, सोडायचं तर तिले धरून सोडा — पण हिशेब खरा ठेवा, वहिनी, तिले वगळून माझ्यासारखा करू नका. जा. दार लोटून घ्या जाताना.