बायकांचं पान

सौम्या : मग पावती कुठं हाय?

(उचगावातलं घर, दुपारचे चार. सौम्या बाहेरून इतिहासात एम. ए. करते. तिची असाइनमेंट बेळगावच्या अभ्यासकेंद्रात द्यायला नवरा स्वरूप सकाळी गेला होता. परत आलाय तो तोंड पाडून.)

स्वरूप : लई गर्दी हुती गं.

सौम्या : शेवटच्या दिवशी गर्दी असायचीच. दिली का न्हाय?

स्वरूप : आधी च्या ठेव.

सौम्या : पिशवी द्या इकडं. अहो, ही तर आतच हाय. आणि ही वही? अक्षर तुमचं. फ्रान्स आणि रशिया, दोन्ही क्रांत्यांची कारणं, परिणाम... हे तर माझंच लिवलेलं. वर नाव तुमचं कसं?

स्वरूप : केंद्रासमोर च्याच्या गाड्यावर बसून वाचाय काढली. वाचत गेलो तसा अंगाचा तिळपापड झाला.

सौम्या : चुकलंय काय माझं?

स्वरूप : चुकलं असतं तर बरं झालं असतं. दोन्हीकडं भाकरी महागली, लढाईत तिजोरी खाली झाली, राजाला काय ऐकू येईना. एवढं मलाबी येतंय. पर फ्रान्सात राजा घालवला आणि बारा वर्षांत सम्राट आणून बसवला, रशियात शेतकऱ्याला जमीन दिली आणि बारा वर्षांत काढून घ्यायला लागले, हे असं शेजारी शेजारी मला कधी मांडता आलं न्हाय.

सौम्या : पुस्तकं तुमचीच. शिकवलं तुम्हीच.

स्वरूप : तेच खुपतंय. थोरल्या भावाला, महादेवअण्णाला, नोकरी लागली, शेत माझ्या गळ्यात पडलं, माझं एम. ए. सुटलं. त्याचा कधी हेवा केला न्हाय. तुझा करतोय. स्वतःच्या बायकोचा.

सौम्या : म्हणून आपलं नाव घालून बघितलंत.

स्वरूप : व्हय. कसं दिसतंय ते. एका पानावर मात्र पेन अडलं.

सौम्या : कुठल्या?

स्वरूप : बायकांच्या. दोन्हीकडं भाकरीसाठी बायकाच रस्त्यावर आल्या. रशियात त्यांना मताचा हक्क मिळाला, फ्रान्सात चार वर्षांत त्यांच्या सभाच बंद केल्या. दोन वर्षं तीच पुस्तकं वाचली मी. मला त्या दिसल्याच न्हाईत. ते पान माझ्या नावावर उतरवायला हात धजंना.

सौम्या : आज ही पोचली न्हाय तर माझं वर्ष जातंय. ठाऊक हुतं न्हवं तुम्हाला?

स्वरूप : ठाऊक हुतं.

सौम्या : ठाऊक असून बसलात.

स्वरूप : बसलो.

सौम्या : मला लई राग आलाय. तो वाटंत सांगते. पाचला खिडकी बंद हुतीया, उठा.

स्वरूप : सोडतो तुला. पर तिथल्या सरांनी तुझं कौतुक केलं तर परत पोटात दुखंल माझ्या.

सौम्या : दुखू द्या की. गाडी चालवता चालवता दुखू द्या.