पापलेटचा केक

तुम्ही सगळ्या माझ्या केकच्या फोटोंवर बदाम पाठवता गं, पण खरं सर्टिफिकेट मला सातपाटीत मिळालं, सासूबाईंकडून! जन्मभर मासळी विकलेली बाई. माझं बेकिंग म्हणजे त्यांच्या लेखी नुसता मैद्याचा चिखल.

त्यांच्या साठीला मी बोईसरहून केक करून नेला. हुबेहूब पापलेट. चंदेरी अंग, शेपूट, डोळा, सगळं जिथल्या तिथे. बाजारात त्यांच्या शेजारी बसणाऱ्या मावश्या जमल्या होत्या. त्या बघतच राहिल्या.

सासूबाईंचा हात सवयीने पुढे गेला आणि अंगठ्याने त्यांनी सरळ कल्ला उचलला. मासळी ताजी की शिळी ते तिथेच कळतं ना, आत लाल आहे का ते बघून!

पण मीही याच घरची सून. कल्ल्याच्या आत मी स्ट्रॉबेरीचा लालभडक जॅम भरून ठेवला होता.

त्यांनी वाकून नीट पाहिलं आणि मावश्यांना म्हणाल्या, "बगा गो, ताजा हाय!"

सगळं घर हसलं. मग केक त्यांनीच कापला. आमच्याकडे माशाचं डोकं कायम सासूबाईंच्या ताटात, पोटच्या मुलालाही कधी मिळालेलं नाही. त्या दिवशी मात्र पापलेटचं अख्खं डोकं त्यांनी माझ्या बशीत ठेवलं.

"खा," म्हणाल्या, "आता हा तुजा मान हाय."