हामुरोंची चिगुसा

हाडांच्या दवाखान्यात चिगुसा तोंडाला मास्क लावून बसली होती. मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या, उमेनो आणि तोकिको, तिच्याबद्दलच बोलत होत्या. चिगुसानं मान काही वळवली नाही.

"अगं, सुक्या मासळीवाल्या हामुरोंची लेक. तिहेरी उडीवाली."

"राष्ट्रीय स्पर्धेत वाळूत तोंडावर आपटली, तीच ना?"

"आपटली म्हणून काय झालं, तोकिको? त्याआधी दोनदा जिंकली होती."

"तेव्हा गुडघा धड होता. आता मुकाट्यानं बापाचं दुकान सांभाळावं."

"तुझ्या कमरेचं ऑपरेशन झालं, तेव्हा तुला कुणी म्हणालं का, मुकाट्यानं बस म्हणून?"

"सून रोज म्हणते."

"मग बसतेस?"

"छे! नाचाच्या तालमीला जाते. पण माझं वेगळं गं. मी पडले तर टीव्हीवर दाखवत नाहीत."

"हामुरो चिगुसा-सान!" नर्सनं हाक मारली.

चिगुसा कुबडी घेऊन उठली.

"अगंबाई!" उमेनोनं तोंडावर हात ठेवला.

तोकिको कसली लाजते! "पोरी, ऐकलंस ना सगळं? मग सांगूनच जा. दुकान की उडी?"

"डॉक्टर दुकान म्हणाले, आजी."

"मग?"

"म्हणून तर पुन्हा विचारायला आलेय."