ज्याला पानं टाकता येत न्हाईत

— न्हाय, तुमचं नंतर. आधी माझं ऐकून घ्या, मग काय बोलायचं ते बोला. बसा की त्या टाकीच्या कट्ट्यावर, सकाळीच पुसलाय. तुमच्यासाठीच पुसलाय, न्हायतर आमच्या गच्चीवर कावळ्याशिवाय कोण येतंय? खाली तुमच्या भावकूमामांनी सांगितलं, 'पोरापोरीला जरा बोलू दे' — म्हणजे तुम्ही विचारणार स्वयंपाक येतो काय आणि मी विचारणार दुकान कसं चाललंय. तसलं काय न्हाय. मी तुम्हाला पत्ते शिकवणार हाय. पोकर. दोन पानं हातात, पाच मधे उघडी, मोबाईलवरचं दोन-पाच रुपयाचं टेबल. — आत्ता कसं तोंड उतरलं? बायोडाटात छंद म्हणून 'वाचन' लिहिलाईसा. वाचन! आणि शिक्षणापुढं 'स्वतःचा व्यवसाय'. ते शिक्षण असतंय व्हय? नववीतनं शाळा सोडली लिहायला लाज वाटली, म्हणून मोटर वाइंडिंगचं दुकान पुढं केलासा.

तर पहिली गोष्ट. दहा डाव वाटले तर आठ टाकून द्यायचे. बघायचं, टाकायचं, गप बसायचं. ह्यात हुशारी काय न्हाय, नुसता धीर पाहिजे. आणि तुम्ही? तुम्ही दुर्री-सत्ती घेऊन शेवटपर्यंत बसतासा. का बसतासा ते पण सांगते — कर्नाटकात बंदी आल्यापास्नं इथं ॲप उघडत न्हाय, 'तुमच्या राज्यात हा खेळ बंद आहे' म्हणतंय, म्हणून तुम्ही संध्याकाळी शटर ओढतासा, निपाणीतनं बुलेट काढतासा, कोगनोळीचा नाका, दूधगंगेचा पूल, आणि पलीकडं कागलच्या हद्दीत चहाच्या गाड्यावर जाऊन बसतासा. कानटोपी घालून. मग तुम्हाला वाटतंय, एवढ्या थंडीतनं आलो, आता पानं कशी टाकू? — अहो, लांबनं आलासा म्हणून दुर्रीचा एक्का होतोय काय?

मला कसं ठाऊक? बायोडाटाला जो फोटो लावलाईसा, तोच ॲपवर हाय. लाल टाकीची बुलेट, हँडलला लिंबू-मिरची, मागं पूल. बायोडाटात नाव नागेंद्र, ॲपवर 'बुलेट नागू'. लग्नाला आणि जुगाराला एकच फोटो — दुसरा काढायला पण कष्ट घेतलं न्हाईसा. नाताळात आप्पांनी तो फोटो माझ्या हातात दिला, तवा मी भाकरी थापत होते. माझं पीठ हातातच राहिलं. आप्पांना वाटलं, लाजली.

मी परशराम अण्णा.

हां, तेच. ॲपवर फेट्यातला म्हातारा, टेबलावर तुमच्या डाव्या हाताला बसतोय तो. तो फोटो आमच्या आजोबांचा. बाईचं नाव लावलं की टेबलावरची निम्मी माणसं पत्ते सोडून घाण लिहायला लागतात, म्हणून लावला. आजोबांनी हा भाग म्हाराष्ट्रात जायासाठी मोर्चे काढले, पाठीवर लाठ्या खाल्ल्या. आणि नात त्यांचा फेटा लावून रोज म्हाराष्ट्रात बसून पत्ते खेळते. शिनोळीच्या फौंड्रीत ऑफिसात हाय मी, ते तुम्हाला ठाऊकच हाय. हद्दीच्या पलीकडं. सुटल्यावर कंपनीची बस लागेपर्यंत शेडखाली बसून खेळायचं. तुम्ही त्या टोकाला हद्द ओलांडणार, मी ह्या टोकाला. आणि तिथं बसून दसऱ्यापास्नं मी तुम्हाला सोललंय. केळं सोलतात तसं, तुम्हाला कळू न देता.

— थांबा म्हटलं न्हवं? तुमचं नंतर.

दुसरी गोष्ट, ही नीट ऐका. ज्याला पानं टाकता येत न्हाईत, त्याला थाप मारायची न्हाय. थाप म्हणजे पानं नसताना मोठे पैसे लावायचे; त्या आकड्याचा अर्थ समोरच्याला कळावा लागतो, तरच तो भितो. तुमच्यासारख्याला काय कळणार? तुम्ही आपलं 'बघू तर' म्हणून बघतासा. तुमच्यासमोर फक्त खरं लावायचं. चांगली पानं आली की मोठं लावायचं, तुम्ही येताच. चार बदाम दिसले की पाचवा येणारच असं धरून शेवटपर्यंत येतासा, आणि येतंय किलवर. प्रत्येक वेळी. आणि तुम्ही काय लिहितासा? 'असू दे अण्णा, तुमचं नशीब.' माझं नशीब! माझं नशीब कसलं, तुमची अक्कल.

आणि कच्च्या गड्याला कधी बोलायचं न्हाय, हे पण लिहून ठेवा. ओरडलं की तो शिकतोय, न्हायतर उठून जातोय. त्याला गोंजारायचं. म्हणून तुम्ही गाढवपणा केला की मी लिहायची, 'मस्त खेळलास रं नागू.' आठवतंय? त्यावर तुम्ही दोन हात जोडलेले पाठवायचा. एवढा मोठा माणूस, मिशी फुटलेला, 'मस्त खेळलास'वर फुगून दुसऱ्या दिवशी परत नदी ओलांडून यायचा. शेडखाली हसू आवरायचं न्हाय मला. फौंड्रीतल्या बाया विचारायच्या, काय गं माधवी, कोण हाय?

कोण असणार? एक बावळट. 'अण्णा, जेवलासा काय?' 'अण्णा, बस लागली काय?' 'अण्णा, गार सुटलंय, कान बांधा.' पत्ते खेळताना हे कोण विचारतंय? एकदा मी चार दिवस आले न्हाय, ताप होता, तर परत आल्यावर बघते — डावात मन न्हाय तुमचं, नुसतं विचारणं. औषध घेतलासा काय, घरात कोण बघायला हाय काय. आमच्या घरात त्या चार दिवसांत आप्पांनी एवढंच विचारलं, पगार कापणार काय. — ते जाऊ दे. त्याचा काय संबंध न्हाय. सांगायचं हे, की असलं बोलणारा माणूस टेबलावर टिकत न्हाय.

मग तो बायोडाटा आला. आणि तुम्ही अण्णाला विचारलासा. म्हणजे हद्द झाली! 'अण्णा, तुम्ही शिनोळीच्या फौंड्रीत हायसा न्हवं, तिथं ऑफिसात माधवी म्हणून मुलगी हाय, कशी हाय ओ?' माझं मलाच विचारतोय! मी पण सोडलं न्हाय. लिहिलं, लई घमेंडी. लिहिलं, तोंडाळ, दोन स्थळं तिनं मोडली. काळी म्हणून लिहिलं. तरी तुमचं 'अजून सांगा' चालूच. मग सांगत गेले — वांगं खात न्हाय, डबा एकटीच खाती, मॅनेजर सगळ्यांसमोर बोलला की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडती आणि तोंड धुऊन अशी बाहेर येती की जसं काय झालंच न्हाय. सगळ्यांना वाटतंय, लई कडक. एवढं लिहिलं मी. त्यावर तुमचा डाव पण तसाच गेला, वेळ संपून. मला वाटलं, घाबरला. बरं झालं.

कारण मला तेच पाहिजे होतं. आता लपवायचं काय त्यात? आप्पांनी सांगितलंय, हे तिसरं, आता तुझ्या तोंडनं 'नको' आलं तर मी तुला विचारणार न्हाय, सरळ तारीख धरणार. धाकट्या अदितीचं माझ्यामुळं अडलंय म्हणतात. म्हणजे नको म्हणायचं असलं तर ते तुमच्याकडनं आलं पाहिजे. मुलाकडनं आलं की कुणाला काय बोलता येत न्हाय. आणि तुमच्या मामांनी खाली पोहे खाता खाता सांगितलं, 'लग्नानंतर नोकरीची काय गरज न्हाय, आमच्यात बाया बाहेर जात न्हाईत.' मी चहा देत होते. तुम्ही बशीकडं बघत होतासा. निपाणीत दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत पाच माणसांच्या भाकरी थापत बसू मी? तुमच्यासाठी? पानं धरायची अक्कल न्हाय तुम्हाला, माणूस कसं धरणार?

म्हणून परवा अण्णानं सांगितलं — नागू, नको म्हण. शिकलेली पोरगी, मिळवती, ती तुला पायाखाली घालणार. तुझी पायरी ओळखून राहा. व्हय, पायरी मीच लिहिलं. जरा जास्त झालं, पण त्याशिवाय तुमच्या डोक्यात शिरलं नसतं. आणि तुम्ही काय लिहिलासा? 'बघतो अण्णा.' बघतो! हेच ते. तुम्ही सगळ्यालाच 'बघतो' म्हणतासा. म्हणून आज इथं वर आणून तोंडावर सांगायला लागलं. थापेनं भागत न्हाय, तुमच्यासमोर खरंच लावावं लागतंय. तर हे खरं — मला तुम्ही नको. नुसते नको न्हाय, हसू येतंय मला तुमचं. आता खाली जायचं आणि मामांना सांगायचं, मुलगी पसंत न्हाय. रंग म्हणा, उंची म्हणा, काय पण म्हणा. एकदा, जन्मात एकदा, पानं टाका.

बोला आता. झालं माझं. — अजून एक राहिलं, शेवटचं. लहान टेबलावर जो माणूस लई वेळ गप बसलाय, त्यानं एकदम मोठं लावलं की वाद घालायचा न्हाय. त्याच्याकडं असतंय. आपण उठायचं. हे तुम्हाला उपयोगाचं न्हाय म्हणा, तुमच्याकडं कधी काय असतंय? हां, बोला. आल्यापास्नं तीनदा तोंड उघडलंय तुम्ही, काय ते —

काय?

सांगून झालंय? 'पसंत न्हाय' म्हणून? कुणाला? मामांना? … कवा? येताना काकतीला, गाडीतच? खाली येऊन बसायच्या आधी? मग ते मामा नोकरीचं का बोलत होते? … उगंच. आप्पांना वाईट दिसू नये म्हणून. पोहे तरी नीट संपावेत म्हणून.

म्हणजे अण्णाचं ऐकलासा. बरं झालं. बघा, शिकलासा की काहीतरी. म्हाताऱ्या माणसाचं ऐकलं की —

न्हाय? अण्णाचं न्हाय? माझं?

… नळ सोडून रडती हे अण्णाला कसं ठाऊक असणार. … व्हय. व्हय की. म्हातारा माणूस बायकांच्या बाथरूममध्ये कशाला जाईल? मी एवढं — थाप मारताना थोडकं सांगायचं असतंय. जेवढं जास्त सांगावं तेवढं उघडं पडतंय. हे मी तुम्हाला सांगणार होते आत्ता. विसरले.

म्हणजे नाताळापास्नं तुम्हाला ठाऊक हाय. आणि रोज आलासा. नदी ओलांडून. दुर्री-सत्ती घेऊन बसलासा माझ्यासमोर. 'अण्णा' म्हणत. आणि परवा मी 'नको म्हण' लिहिलं, ते मी लिहिलंय हे ठाऊक असून — ती 'पायरी' पण मी लिहिली हे ठाऊक असून —

मग आत्ता एवढं सगळं ऐकून का घेतलासा? मधेच सांगायचं न्हवं? … मी थांबा म्हटलं म्हणून. बरोबर हाय. मी म्हटलं थांबा.

मग आलासाच कशाला? फोनवर कळवलं असतं. … एकदा बघायला. कान बांधतीय काय ते.

असलं बोलू नका. असलं कोण बोलतंय? बावळट. — उठलासा? जावा. जिना अरुंद हाय, भिंत धरून उतरा. आणि उद्यापास्नं पुलावर येऊ नका, उगंच पेट्रोल जाळून. अण्णा काय येणार न्हाय टेबलावर. मेला समजा अण्णा. आणि खाली सांगताना रंगाचंच सांगा, म्हणजे आप्पांना पटतंय.

ऐकलासा? … अहो, उद्या येऊ नका म्हटलं ते —

अहो. ती थाप होती. … नागेंद्र?