दादांनी लेकासाठी दिलेली साक्ष

मंडळी, ऐका! एक प्रश्न विचारतो. माणूस घरात आहे, म्हणजे तो घरच्यांजवळ आहे का? थांबा, लगेच माना डोलवू नका! आधी गोष्ट ऐका.

साताऱ्यात निशिकांत खटावकर म्हणून एक गृहस्थ. नोकरी पुण्याच्या कंपनीत, काम मात्र घरून. दार लावायचं, कानाला हेडफोन, समोर लॅपटॉप — की लागली समाधी! सकाळी बायकोनं देव्हाऱ्यात घंटा वाजवली, की आतून ओरड — "अगं, मीटिंग चालू आहे!" साक्षात देवालाच म्यूट केलं हो!

शेजारच्या खोलीत वडील, दादा. एके काळचे ड्रॉइंग मास्तर. आता अर्धांगवायूनं डावं अंग लुळं पडलेलं, नजर धूसर. सून बँकेत जाताना ताट झाकून ठेवायची. दादा एकटेच जेवायचे. निशिकांत वाईट होता का? मुळीच नाही! औषधं आणायचा, डॉक्टरला बोलवायचा. फक्त जवळ बसायचा नाही.

आणि एक दिवस हुकूम आला — सगळ्यांनी ऑफिसात हजर व्हा! निशिकांतनं साहेबीणबाईंना, धारवाडकर मॅडमना, फोन केला. "मॅडम, वडील अंथरुणावर आहेत. मी त्यांना सोडून कसा येऊ?"

मॅडम म्हणाल्या, "हुकूम निघाल्यापासून सगळ्यांचेच वडील आजारी पडलेत! द्या बरं, बोलते त्यांच्याशी."

आली का पंचाईत! दादांपुढे फोन धरला.

"काका, मुलगा घरी असतो त्याचा आधार होतो ना?"

दादा म्हणाले, "होतो म्हणजे काय बाई! दुपारी माझ्याशेजारी बसून जेवतो. पेपर वाचून दाखवतो. पाय चेपतो. नेऊ नका हो त्याला."

मॅडम विरघळल्या. "राहू दे त्यांना घरी," म्हणाल्या.

फोन बंद झाला. निशिकांत उभा. मान वर होईना.

"दादा... यातलं मी एकही करत नाही. खोटं का बोललात?"

दादा हळूच म्हणाले, "अरे, तू गेलास तर दिवसभर या घरात माणसाचा आवाज नाही रे. भिंतीपलीकडून का होईना, तुझं बोलणं कानावर पडतं. मला तेवढं पुरतं."

मंडळी! पोटच्या पोराच्या आवाजाची भूक — आणि ती भागवायची भिंतीला कान लावून!

निशिकांतनं तिथंच परत फोन लावला. "मॅडम, दादा माझ्यासाठी खोटं बोलले. तुम्ही म्हणाल तेव्हा हजर होतो."

 मग मॅडम म्हणाल्या, "दिलेली परवानगी मी मागे घेत नाही. त्यांचं खोटं तेवढं खरं करा."

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅपटॉप मिटला. दोन ताटं शेजारी शेजारी मांडली. निशिकांतनं पेपर उघडला, पण वाचता येईना — अक्षरंच दिसेनात, डोळे भरलेले! दादा म्हणाले, "सावकाश वाच. आता कुठे जायचंय तुला?"

त्या वर्षाच्या माघात दादा गेले. लेकाचा हात हातात होता. पुढे निशिकांत आपण होऊन पुण्याला ऑफिसात जाऊ लागला.

तेव्हा मंडळी, घरून काम करा नाहीतर ऑफिसात जा. देव त्याची हजेरी घेत नाही. आता नाम घेऊ, पण टाळ उचलण्याआधी एकच सांगा. उद्या कुणी तुमच्या घरी येऊन विचारलं, "हा तुमच्याजवळ बसतो का?" — तर तुमच्या म्हाताऱ्यांना खरं बोलता येईल का?