मी बाहेर गेलोय, साहेब

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय हणमंतप्पा, व्यासपीठावरचे विस्तार अधिकारी साहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले मार्तंड गुरुजी, शेजारी खुर्ची मांडून ठेवली असतानाही हट्टानं सतरंजीवर बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती शामलाबाई, आणि मुरुमच्या माझ्या बंधू-भगिनींनो,

माझ्या आधीच्या वक्त्यांनी गुरुजींचं गणित, गुरुजींचं हस्ताक्षर आणि गुरुजींची छडी यांबद्दल एवढं सांगितलं की मला काही उरलं नाही असं तुम्हाला वाटेल. पण गुरुजींनी मुलाखतीसाठी उमेदवार तयार केले, हे कुणी बोललंच नाही. त्यातलाच एक नमुना, म्हणजे मी मुनवर, तुमच्यापुढं उभा आहे.

आपला जिल्हा हैदराबादेतून मुंबई राज्यात गेला आणि ग्रामसेवकाच्या जागा निघाल्या. साहेब लोक प्रश्न विचारणार म्हणे! मुरुमात मुलाखत कुणी पाहिली होती? पूर्वी कुणाचा तरी मामू कचेरीत असायचा, तो शब्द टाकायचा, की झालं काम. पण गुरुजी तरुणपणी हैदराबादला एका बड्या हाकिमाच्या दफ्तरात होते. साहेबापुढं कसं जायचं हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार? शाळा सुटली की वर्गात तालीम सुरू व्हायची. गुरुजी अध्यक्ष, शामलाबाई सदस्य. हसू नका शामलाबाई, सगळ्यात अवघड प्रश्न तुमचाच असायचा, ‘अरे, जेवून आलास का?’

गुरुजींचा कायदा कडक. आत जाताना झुकून सलाम. ‘बसा’ म्हटलं तरी लगेच बसायचं नाही. बोलावल्याशिवाय दारातून आत पाऊल टाकायचं नाही. आणि निघताना साहेबाला पाठ दाखवायची नाही, मान खाली घालून उलट्या पावली बाहेर यायचं.

उत्तरंही तयार होती. नोकरी कशासाठी हवी? ‘ग्रामसुधारणेची मला बालपणापासून तळमळ आहे.’ फावल्या वेळात काय करता? ‘थोर पुरुषांची चरित्रं वाचतो.’ मंडळी, फावल्या वेळात मी काय करायचो ते इथल्या निम्म्या लोकांनी पाहिलंय. मी सरदारभाईंच्या कापडदुकानासमोर उभा असायचो. कारण सरदारभाईंची लेक, ताहेरा. त्यांनी माझ्या अम्मीला साफ सांगितलं होतं, “जमिलाबी, पोरगा लई चांगला हाय. पण नोकरी लागली तरच बोला. न्हाय लागली, तर सोलापूरचं स्थळ आलंय.” तेव्हा माझी तळमळ कशाची होती, हे सांगायला नको. तालमीत ‘बालपणापासून’ म्हणताना माझे कान लाल व्हायचे आणि गुरुजी कपाळाला हात लावायचे. “अरे मुनवर, थोडं तरी खरं वाटू दे की!”

मुलाखतीच्या दिवशी जिल्ह्याच्या गावी गेलो. झुकून सलाम केला. समोर तीन साहेब, त्यातले अध्यक्ष पुण्याकडचे. “बसा,” म्हणाले. मी उभा. “अहो, बसा.” मी उभाच. शेवटी साहेब स्वतः उठून खुर्ची हलवून बघायला लागले. त्यांना वाटलं, ती मोडकी आहे! बसल्यावर तळमळ, चरित्रं, सगळं घडाघडा म्हणून टाकलं. साहेबांनी विचारलं, “कुठल्या थोर पुरुषाचं चरित्र वाचलंत?” हे गुरुजींनी पढवलं नव्हतं. मी म्हणालो, “मार्तंड गुरुजींचं.”

“ठीक आहे, या तुम्ही.”

मी उलट्या पावली निघालो. पाठीला दार लागलं, कोपरानं ढकललं, बाहेर पडलो आणि अदबीनं दार ओढून घेतलं. वळून बघतो तर चारी बाजूंना निजामाच्या काळातली दफ्तरं! मी जुन्या कागदांच्या खोलीत शिरलो होतो आणि तिला दुसरं दार नव्हतं.

तुम्ही म्हणाल, परत यायचं. कसं येणार? मला कुणी बोलावलं होतं का? उभा राहिलो. पण त्या धुळीला कायदा कुठं ठाऊक? मला शिंकांमागून शिंका सुरू झाल्या.

“आत कोण आहे?” साहेब ओरडले.

“मुनवर, साहेब.”

“तिथं काय करताय?”

“मी बाहेर गेलोय, साहेब.”

तिघंही साहेब असे हसले की शिपाई धावत आला. हसू आवरून अध्यक्षांनी दाराआडूनच विचारलं, “बाहेर गेलाच आहात, तर आता खरं सांगा. नोकरी कशाला हवी?”

मी दाराला तोंड लावलं. म्हणालो, “लग्न अडलंय, साहेब.”

“मग काम नीट कराल का?”

“करीन की. न्हाय केलं तर नोकरी जाईल, आन् सासरा पोरगी माघारी नेईल.”

पुढं हुकूम आला, लग्न झालं, आज मी येरमाळ्याला ग्रामसेवक आहे. आणि गुरुजींनी काय करावं? पुढच्या वर्षीच्या उमेदवारांना नवा धडा दिला, निघताना तेच दार धरा! आपला गोरोबा बिचारा पाठ लावून दार ढकलत राहिला. तोवर साहेबांनी त्या दाराला कुलूप घातलं होतं. गोरोबा आता पिठाची गिरणी चालवतो आणि आम्हा सगळ्यांपेक्षा सुखी आहे.

तर मंडळी, आजवर मी हेच धरून चाललो होतो की त्या शिंकांनी माझं लग्न जमवलं. काल हे भाषण घरी म्हणून दाखवलं. ताहेरा म्हणाली, “शिंकांचं काय घेऊन बसलात? अब्बांनी तर तुम्ही मुलाखतीला गेलात त्याच दिवशी होकार दिला होता.”

मग तिनं सगळं सांगितलं. मी तिकडं सलाम घालत होतो तेव्हा गुरुजी सरदारभाईंच्या दुकानात गेले होते. ताहेरा आतून ऐकत होती. सरदारभाईंनी कापडाचा तागा उलगडायला घेतला, तर गुरुजी म्हणाले, “कापड नको. सरदारभाई, त्या पोराला मी महिनाभर खोटं बोलायला शिकवलं. त्याला ते एक दिवसही जमलं नाही. नोकरी लागो न लागो, पोरगी त्यालाच द्या.”

गुरुजी, इतक्या वर्षांत तुम्ही हे एकदाही बोलला नाहीत. उद्या तुम्ही तुळजापूरला राहायला जाणार आणि मला हे काल कळलं! आभाराची चार वाक्यं पाठ करून आलो होतो, ती आता बाजूला ठेवतो. माझा संसार तुमच्या शब्दावर उभा आहे, एवढंच म्हणतो.

हणमंतप्पांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलं, सगळ्यांचा आभारी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाची थट्टा जास्त झाली असेल, तर आपलं पोर म्हणून पोटात घाला. गोरोबा, तू पण.