एदिलेनीच्या डोक्यातला समुद्रघोडा

(ब्राझीलमध्ये, पेर्नांबुकोच्या किनाऱ्यावरच्या शहरातलं एक सरकारी इस्पितळ. एमआरआय यंत्राशेजारची खोली, पडद्यावर मेंदूचं चित्र. डॉक्टर हेलोईजा, खाडीच्या चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचणारी जांदिरा आणि तिची सव्वीस वर्षांची मुलगी एदिलेनी.)

जांदिरा : म्हणजे हे सगळं हिच्या डोक्यात आहे? नीट बघा हो डॉक्टरीणबाई, दुसऱ्या कुणाचं नाय ना लागलं?

हेलोईजा : तिचंच आहे. दहा मिनिटांपूर्वी काढलेलं.

जांदिरा : अगं बाई गं! काय ती नक्षी, काय त्या वळ्या! आणि ही म्हणते डोकं रिकामं वाटतं.

एदिलेनी : रिकामं नाही म्हटलं, आई. जड म्हटलं.

जांदिरा : तेच ते.

एदिलेनी : तेच ते कसं असेल?

हेलोईजा : इथे बघा. कानाच्या आतल्या बाजूला, खोल. हा वाकडा भाग, आठवणी आणि भावना सांभाळणारा. दोन्हीकडे एकेक असतो. त्याला आम्ही समुद्रघोडा म्हणतो.

जांदिरा : अहो, तो तर आमच्या खाडीत असतो! खारफुटीच्या मुळाला शेपटी गुंडाळून बसतो. तिसऱ्या काढताना हाताला लागला तर आम्ही सोडून देतो. एदी, बघ की गं! तस्साच! शेपटीसुद्धा आहे!

एदिलेनी : दिसतोय. इतका शांत बसलाय तो. माझ्या आत असलं काही असेल असं मला कधी वाटलंच नाही… आई, तू रडतेस?

जांदिरा : मी कशाला रडू? तू पोटात होतीस तेव्हा नवव्या महिन्यापर्यंत मी चिखलात उतरत होते. माझं लक्ष सगळं ओहोटीकडे. आणि आत हे असलं काम चाललं होतं, मला पत्ता नाय. कुणी बसून केलं असेल गं हे?

हेलोईजा : मी अकरा वर्षं ही चित्रं बघतेय. मलाही अजून सवय झालेली नाही.

जांदिरा : मग यात दिसतंय ना, हिला काही झालेलं नाय ते? डागबिग नाय ना कुठे?

हेलोईजा : मोठी इजा कुठे दिसत नाही. हिच्या लुपसच्या आजाराच्या मानाने चित्र चांगलं आहे.

जांदिरा : ऐकलंस? मी काय सांगत होते? सांधे सुजतात, गालांवर लाल चट्टा उठतो, उन्हात गेली की ताप भरतो, ते मी मानते. डोळ्यांना दिसतं ते. पण दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचं, जेवायला उठवलं तरी उठायचं नाय, ही सगळी नाटकं.

हेलोईजा : थांबा, जांदिराबाई. एका चित्रात दुःख दिसत नाही. आणि ते नाहीये असंही दिसत नाही.

जांदिरा : मग काढता कशाला चित्रं?

हेलोईजा : या आजारात रोगांपासून राखणारे शरीराचे पहारेकरीच घरच्यांवर उलटतात. ते मनापर्यंत पोचतात का आणि कसे, ते आम्ही शोधतोय. लुपस झालेल्या शंभरावर बायकांची चित्रं काढलीत. ज्यांना उदासी आणि धास्ती आहे त्या एकीकडे, ज्यांना नाही त्या दुसरीकडे. सगळ्यांचे समुद्रघोडे मोजले, की दोन्ही गटांत केसाएवढा तरी फरक आहे का ते कळेल. कोण कुठल्या बाजूला, ते मात्र मघाशी भरून घेतलेल्या या प्रश्नांच्या कागदावरून ठरतं.

एदिलेनी : तो कागद…

हेलोईजा : एकवीस प्रश्न आणि एकवीस शून्यं, म्हणजे सगळ्याला ‘कधीच नाही’. एदिलेनी, मगाशी यंत्रात तू मला जे म्हणालीस, ते आईसमोर सांगू का?

एदिलेनी : सांगा.

हेलोईजा : त्या नळीत माणसं घाबरतात. तो खडखडाट सोसत नाही, घंटा दाबत सुटतात. मी हिला म्हटलं, झालं, बाहेर काढते. तर म्हणाली, अजून थोडा वेळ राहू द्या, इथे मला कुणी ऊठ म्हणत नाही. असं म्हणणाऱ्या बाईच्या कागदावर सगळी शून्यं कशी?

जांदिरा : तिची बोटं सुजलीत. पेन धरवेना. म्हणून मी भरला.

हेलोईजा : ती सांगेल तसा?

एदिलेनी : पहिल्या प्रश्नाला मी ‘रोज’ म्हटलं. तिने शून्य केलं. दुसऱ्यालाही तेच. मग मी बोलणंच सोडलं.

जांदिरा : तुम्हाला नाय कळायचं, डॉक्टरीणबाई. चिखलात उतरताना आम्ही दुःख तोंडावर आणत नाय. माझ्या आईने शिकवलं तसं. जी रडत उतरते तिला चिखल धरून ठेवतो. माझी मावशी तशीच गेली. भरती आली तरी तिचा पाय निघाला नाय. मग तसलं काही मी पोरीच्या नावावर लिहू? माझ्या हाताने?

एदिलेनी : आई, ती रडली म्हणून नाही गेली. तूच सांगतेस ना, तुम्ही सगळ्या हाकेच्या अंतरावर होतात?

जांदिरा : होतो की.

एदिलेनी : मग तिने हाक का नाही मारली?

जांदिरा : तोंडावर आणायचं नाय, म्हणून…

हेलोईजा : चूक आमची. कागद भरताना तिच्याजवळ आमचं माणूस बसायला हवं होतं. हा नवा घ्या. जांदिराबाई, तुम्ही जरा बाहेर बसा, मी लिहून घेते.

एदिलेनी : राहू दे तिला. ऐकू दे. आणि लिहू दे तिलाच.

जांदिरा : मी लिहिते. ती सांगेल तेच लिहिते. तुम्ही बघा हवं तर. हां… उदास वाटतं का?

एदिलेनी : रोज.

जांदिरा : रोज. केली खूण. धास्ती वाटते?

एदिलेनी : बऱ्याचदा. ओहोटी लागली की जास्त. मला ऊन चालत नाही, आणि तू एकटी त्या चिखलात. तू परत येईपर्यंत मी भिंतीकडे बघत मिनिटं मोजत बसते.

जांदिरा : माझी धास्ती? वेडे! आणि मी तुला आळशी म्हणत होते. डॉक्टरीणबाई, हे लिहायला इथे जागाच नाय.

हेलोईजा : खूण करा. बाकीचं मी ऐकलंय.

(एकेक प्रश्न होत जातो. जांदिरा अडखळत वाचते, पण एकही खूण चुकवत नाही.)

जांदिरा : आता हा शेवटचा. जगून… हा विचारायलाच हवा का?

हेलोईजा : हवा.

जांदिरा : जगून काय करायचं, असं मनात येतं का?

एदिलेनी : कधी कधी.

जांदिरा : कधी कधी. म्हणजे ही दुसरी चौकट. बघ, बरोबर झाली ना?

एदिलेनी : बरोबर झाली.

हेलोईजा : वरच्या मजल्यावर मनाच्या आजारांच्या डॉक्टर आहेत. मी त्यांच्याशी बोलते. आपण तिघी आत्ताच जाऊ.

जांदिरा : जाऊ. पण एक प्रश्न यात नाय, तो मला विचारायचाय. एदी, आज आलं होतं मनात?

एदिलेनी : आज नाही, आई.

जांदिरा : बरं. उद्या परत विचारीन.